पोकळकांडीच्या राखणदार

काचघरातल्या पोकळकांडीवर आता तीनच पानं उरली होती, म्हणून बहीणभाऊ जंगलात निघाले. वीस वर्षं वाढवलेलं ते झुडूप आक्कानं काचघराच्या कामातून निवृत्त होताना धाकट्याच्या हवाली केलं होतं. दोन वर्षांत धाकट्यानं त्याचा खराटा केला. आता रानातून जिवंत फांदी आणली नाही, तर आक्काच्या आयुष्यभराच्या मेहनतीवर पाणी पडणार होतं.

तीन दिवस जळवांनी दोघांचं रक्त अगदी समसमान वाटून घेतलं. चौथ्या दिवशी दोर बांधून नदी ओलांडली आणि पलीकडे, उंच झाडांच्या गार सावलीत, कुजलेल्या पानांच्या घोटाभर थरात पोकळकांडी उभी होती. पुरुषभर उंच, हिरवीगार! आणि तिच्या प्रत्येक फुगीर गाठीतून मुंग्या आत-बाहेर करत होत्या.

धाकट्यानं लगबगीनं साबणपाण्याची बाटली काढली.

"हे काय?" आक्कानं विचारलं.

"काचघरातलं झुडूप रोज धुतो तसंच. दोन वर्षांत एक मुंगी टिकू दिली नाही."

आक्कानं मुंग्यांकडे बोट दाखवलं.

"अरे, त्या तिच्या राखणदार. पानांवरच्या अळ्या मग कोण खाणार, तू?"

धाकट्याच्या हातून बाटली गळून पडली. दोन वर्षं त्यानं खून केले होते, तेही नियमानं, सकाळच्या चहाआधी.

आक्कानं एक फांदी गाठीखाली कापली, ओल्या शेवाळात गुंडाळली आणि मुंग्यांसकट, त्यांच्या राणीसकट, धाकट्याच्या सदऱ्यात खोचली.

परतताना नदी फुगलेली! धाकट्याचे दोन्ही हात दोरावर. पाणी छातीला लागलं. पाय सुटले! त्याच क्षणी राखणदार सदऱ्यात पसरल्या. काखेत चावा. मानेवर, गालावर चावा. बेंबीत! धाकट्याचे डोळे पांढरे झाले.

"हात सोडू नकोस," आधीच पार झालेली आक्का काठावरून शांतपणे म्हणाली, "आणि मारू तर मुळीच नकोस."

त्यानं सोडला नाही. एकही मुंगी मारली नाही. काठाला लागला तेव्हा तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, पण फांदी मुंग्यांसकट शाबूत होती.

काचघरात सावलीत, पानांच्या खतात त्यानं ती जुन्या झुडपाला खेटून लावली. आठवड्यानं नव्या फांदीतून एक मुंगी निघाली, धाकट्याच्या बोटावरून जुन्या खोडाकडे गेली आणि जाताजाता कडकडून चावली.

"आई गं," धाकटा म्हणाला, आणि बोट तसंच धरून दुसरीची वाट पाहू लागला.