दुपारची सोबत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर पुढचं सांगणार नाही.

हे माझ्या आजीच्या, भिमाबाईच्या बाबतीत घडलेलं आहे अन् खरं आहे. आमचं घर बौद्ध. दीक्षा घेतल्यापासून घरात अंगारा नाही, उतारा नाही. भुताचं नुसतं नाव काढलं तरी आजोबा ताटावरून उठायचे. त्यामुळं आजीनं हे जन्मात एकदाच सांगितलं. तेसुद्धा आधी दाराला कडी लावून.

रात्र नव्हती बरं का. भर दुपार होती.

बहात्तरचा दुष्काळ, त्र्याहत्तरचा उन्हाळा. गेवराई तालुक्यात चकलांब्याकडं जाणारी कच्ची वाट.

भिमाबाई तेव्हा ऐन विशीतली. नवरा लांब धरणाच्या कामावर. ती अन् तिची थोरली जाऊ केसरबाई सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या. कडेवर सुली, म्हणजे सुलोचना. तान्हं लेकरू.

सुली वाळत चालली होती. भिमाबाईचं दूध आटलं होतं. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दूध येणार तरी कुठून? पोरगी आधी रडायची. मग नुसती कण्हायची.

मग तेही बंद झालं...

त्या दिवशी कामावर बातमी आली. चकलांब्याला सोसायटीच्या गोदामात लहान लेकरांसाठी दुधाची पावडर आलीय. संपायच्या आत जी पोचेल तिची.

भिमाबाईनं घमेलं तिथंच टाकलं.

केसरबाई आडवी आली. "दिस कलू दे. समद्याजणी मिळून जाऊ. एकटी जाऊ नगंस भिमे, ती वाट बरी न्हाई."

"कावून? वाटंला काय झालं?"

"सासूबाई सांगायच्या. मागल्या दुष्काळात त्या वाटंनं बाया जगायला गेलत्या. एक बी माघारी आली न्हाई."

"आक्का, सांजेपत्तूर ही पोरगी ऱ्हाती का ते सांग."

केसरबाईनं वाट सोडली. भिमाबाई निघाली.

ऊन नुसतं आग ओकत होतं. पायाखाली घोट्याएवढा फुफाटा. बाभळींना पानं नव्हती. कावळा नाही, होला नाही. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

अन् मग...

बायकांच्या बोलण्याची गुणगुण आली.

भिमाबाईनं मागं बघितलं. कुणी नाही. पुढं बघितलं तर वळणावर बायांची रांग चाललेली. डोक्यावर पाट्या, पदर कपाळापर्यंत ओढलेले. तिला इतकं बरं वाटलं म्हणता! "सोबत मिळाली गं माय," असं मोठ्यानं म्हणत ती पळतच त्यांना जाऊन मिळाली.

आता इकडची एक रीत सांगतो. बाया मिळून चालतात तेव्हा लेकरू एकीच्याच कडेवर राहत नाही. एक दमली की रिकाम्या हाताची दुसरी हात पुढं करते. विचारणं नाही, नावगाव नाही. गाव आलं की जिचं तिला लेकरू परत. भिमाबाई कामावर जाता-येता रोज हेच करायची.

विटक्या हिरव्या लुगड्यातल्या एका बाईनं हात पुढं केले.

भिमाबाईनं सुली दिली.

हात मोकळे झाले, पाठ सरळ झाली. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "कुठल्या गं तुमी?"

एकीनंही मागं वळून बघितलं नाही.

मघाची गुणगुण... ती कधी थांबली?

भिमाबाईनं खाली बघितलं. तिच्या पायानं फुफाटा उडत होता. पुढं एवढ्या बाया चालत होत्या...

त्यांच्या पायाखाली धूळ हलत नव्हती.

ती हिरव्या लुगड्याकडं झेपावली. ठेच लागली, तोल गेला. सावरून मान वर केली तर वाट मोकळी.

बाया नाहीत.

सुली नाही.

आजी सांगत होती, "मी सुले, सुले म्हनत वरडत सुटले." ती वेड्यासारखी धावली. पुढं ओढा होता, कोरडा ठाक. काठावर एक खडक पुढं आलेला, त्याच्या सावलीत...

सुली झोपलेली.

मेली नव्हती. गाढ झोपली होती. भिमाबाईनं तिला उचलून छातीशी धरलं अन् तोंडाचा वास घेतला.

दुधाचा वास.

ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं होतं. पोट टम्म.

गोदामापाशी पोचली तेव्हा पावडर संपली होती, दाराला कुलूप होतं. भिमाबाई रिकाम्या हातानं माघारी आली. त्या रात्री सुली एकदाही कण्हली नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी परत भुकेली झाली. केसरबाई म्हणाली, "काल गेलीस ते गेलीस. आज समद्यासंगं ऱ्हा."

भिमाबाईला सगळं कळत होतं. काल काय बघितलं ते ती विसरली नव्हती. पण सगळ्यांसोबत गेलं की ती बाई येणार नाही, हेही तिला आतून कळलं होतं.

दुपार झाली अन् ती एकटी निघाली.

वळणावर हिरवं लुगडं उभं होतं. भिमाबाईनं डोळे गच्च मिटले आणि पोरगी पुढं धरली.

मग रोजच. सुलीचे गाल भरले. कामावरच्या बाया चेष्टा करायच्या, "भिमे, चोरून काय चारतीस गं पोरीला?" भिमाबाई हसायची अन् खाली मान घालून खडी फोडायला लागायची.

मग रस्त्याचं तिथलं काम संपलं. टोळी दुसरीकडं जाणार होती. शेवटच्या दुपारी भिमाबाई गेली. ओढ्याकाठी बाईनं सुली परत दिली. दिली, पण हात सोडले नाहीत. दोघींच्या मधे सुली तशीच.

बाई पहिल्यांदा बोलली. आवाजात राग नव्हता.

"अन् माझी पोर? माझी पोर कुणाकडं दिली गं तुमी?"

आजीनं इथं उठून दाराची कडी परत तपासली. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? पोरगी हिसकली अन् पळाले. लई पळाले. मागं ती इचारीतच हुती."

सुली म्हणजे माझी आई. तिला यातलं काही ठाऊक नाही.

ती वाट आता डांबरी झालीय. परवा तिकडं भावकीत लग्न होतं. जीप भरून माणसं निघाली होती, आई नवं लुगडं नेसून तयार होती. मी काहीतरी खोटं सांगून तिला घरी ठेवलं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

न बोलू दे.

जिनं दूध पाजलं, ती पोरीला कुठल्याही वयात ओळखेल.