टाकीतलं लाल शेवाळ

"तिथे पाय ठेवू नका... हिरव्यावर ठेवा. तपकिरी फार निसरडं असतं."

मनोरीच्या खडकांवर रिकामा कॅन घेऊन निघालेली सुलक्षणा जागीच थबकली. पलीकडे एक तरुण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उकिडवा बसला होता आणि सुरीने खडकावरचं शेवाळ खरवडून बरणीत भरत होता. अनोळखी माणसाने शिकवलेलं सुलक्षणाला मुळीच खपत नसे. पण आज का कोण जाणे, तिने मुकाट्याने हिरव्यावर पाय ठेवला.

"समुद्र घरी नेताय?" त्याने विचारलं.

"थोडासा. मासा आहे घरी."

"मग हे ओहोटीचं पाणी नको. खाडीची घाण असते त्यात. भरती चढेपर्यंत थांबा."

"तोवर काय करू?"

"माझ्याशी बोला ना," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

त्याचं नाव जयवंत. राहायला घाटकोपरला, अंधेरीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीला जे कधी सांगितलं नव्हतं, ते सुलक्षणाने भरती चढेपर्यंत त्याला सांगून टाकलं. बाबा लक्षद्वीपच्या बोटीवर होते. शेजाऱ्यांकडे रंगीत टीव्ही आला, तेव्हा बाबांनी बोरिवलीच्या त्या दोन खोल्यांत काचेची टाकी मांडली आणि तिकडून आणलेला नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा तीत सोडला. गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. तेव्हापासून आई माणसांशी धड बोलत नाही, बोलते ती त्या माशाशी. आणि आता टाकीभर लाल शेवाळ पसरलंय, मासा कोपऱ्यात पडून धापा टाकतोय.

"तो गेला तर आई..." ती कॅनचं झाकण फिरवत राहिली.

"मी येऊन बघू?" जयवंतने विचारलं. या वेळी तो लाजला नाही.

भरलेला कॅन त्यानेच उचलून बोरिवलीपर्यंत आणला. आई, रत्नप्रभा, दाराशी आली, मान हलवली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. जयवंत टाकीपुढे मांडी घालून बसला.

"काचेवरचं हे तपकिरी, त्याचं काही नाही, बोटाने पुसलं जातं. दगडावरचं हिरवं असू दे. हे लाल मात्र वाईट." त्याने काडीने कड उचलली, तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा वर आला. "पाणी आटलं की काय घालता?"

"समुद्राचंच. खाऱ्या माशाला नळाचं कसं घालणार?"

"पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. वर तुम्ही आणखी मीठ घालताय. भर घालायची ती गोड्या पाण्याची, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेल्या. पण... नुसत्या मिठाने लाल येत नाही. खाली काहीतरी कुजतंय."

बाही वर सारून त्याने हात वाळूत खुपसला. मूठ वर आली तेव्हा तिच्यात सडलेली शितं होती, बांगड्याचे काटे होते. आई रोज जेवणाआधी बाबांच्या वाटणीचा घास काढते, हे तिला ठाऊक होतं. तो खिडकीतून कावळा नेतो, असं ती धरून चालली होती.

"बाबांचा घास आहे," ती पुटपुटली. "आई यात घालते."

जयवंतने मूठ मिटून घेतली.

"पाणी मी बदलून देतो. पण हे थांबलं नाही तर लाल पुन्हा येणार. मासा टिकायचा नाही."

"तुम्हीच सांगा ना तिला. मला नाही जमणार."

"मी सांगितलं तर परक्या माणसाने येऊन त्यांचा घास हिरावला, असं होईल. तू सांग."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. ते दोघांच्याही ध्यानात आलं, आणि दोघंही टाकीकडे बघत राहिली.

पाणी बदलून, रविवारी पुन्हा बघायला येतो असं सांगून तो गेल्यावर सुलक्षणाने धीर एकवटून सांगितलं. "आई, बाबांचा घास टाकीत नको घालू गं. माशाला तो बाधतोय."

आई तिच्या मालवणीत म्हणाली, "मगे मी तेंका भेटू खंय?"

बाबांना ती रोज त्या टाकीतच भेटत होती. दुसऱ्या दिवसापासून आईने घास काढणं सोडलं. टाकीतलं पाणी निवळत गेलं, आई मात्र माशाशीही बोलेनाशी झाली. जेवण चिवडून ताट बाजूला सारायची. मासा वाचवला आणि आईला घालवून बसले, असं सुलक्षणाच्या मनात येई, जयवंतचा राग येई, आणि तरी ती रविवारची वाट बघत होती.

रविवारी तो आला. लाल कुठेच नव्हतं, मासा काचेपाशी येऊन फिरत होता. जयवंत वाकून बघत होता, तोच आईने त्याच्यामागे पाट मांडला.

"हय बस. जेव."

भात वाढून, कालवण घालून तिने एक घास हाताने कालवला आणि त्याच्या पानात कडेला ठेवला.

"हो तेंच्या वाटणेचो. माशाक सोसना नाय. तुका चलात?"

जयवंतने आईकडे पाहिलं, मग सुलक्षणाकडे. त्याने तो घास आधी उचलला. आई समोर बसली, आणि बाबांना कालवणात तिरफळं किती लागायची, ते त्याला सांगू लागली. सुलक्षणा दाराआड उभी राहून रडली, पोटभर.

जिन्यात ती म्हणाली, "आई रोजचा म्हणून वाढतेय. रविवारपुरता नाही. झेपेल तुला?"

"घाटकोपरहून रोज... नाही झेपणार," तो खरं तेच बोलला.

तिने मान खाली घातली.

"म्हणून विचारतोय. लग्न करशील माझ्याशी? इथेच जवळ खोली बघू."

"करीन," ती म्हणाली. "पण आईसाठी म्हणून नाही, जयवंत. मला तू हवा आहेस."

त्याने तिचा हात धरला. इतक्यात वरून आईची हाक आली.

"गो सुलक्षणा, तेका इचार, उद्या काय खातलो?"