बदकांचं गणित

मेलेलं बदक हातात घेऊन रडणं हे काही संशोधकाचं लक्षण नव्हे, हे सुनीतीला कळत होतं. तरी हातमोज्यातली ती लुळी मान बघून तिचे डोळे भरलेच.

"मॅडम, गेलंय ते."

तळ्याच्या काठावर चिखलाने भरलेले गमबूट घालून एक तरुण उभा होता.

"कळतंय मला. डोळ्यात कचरा गेलाय."

"दोन्ही डोळ्यांत?"

पुण्याच्या नारायण पेठेत वाढलेल्या मुलीने यावर नुसतं बाहीला नाक पुसावं, हे जरा नवलच!

तो जयसिंग. कर्वेनगरच्या पलीकडचं त्याचं गाव कधीच महापालिकेत गेलं होतं, पण तळ्यालगतची शेती घरच्यांनी बिल्डरला दिली नव्हती. त्या तळ्यावर दर वर्षी थंडी सरता सरता बदकं मरत. मेलेल्या बदकात विषारी अळ्या पडत, त्या खाऊन दुसरी मरत. ऊन, पाणी, पक्ष्यांची संख्या यांचं समीकरण मांडून ही साथ किती पसरेल ते आधीच सांगायचं, हा सुनीतीचा पीएच.डी.चा विषय. त्यासाठी ती रोज दुपारी मेलेले आणि जिवंत पक्षी मोजायला येई. आणि जयसिंगला नेमकी तेव्हाच शेतातली मोटर बघायची असे...

"आज काय म्हणतंय गणित?"

"इतक्या वेळा बघितली तर मोटर लाजून जळेल, म्हणतंय."

तो खळखळून हसायचा, आणि सुनीतीची मोजणी चुकायची. मग ती पुन्हा पहिल्यापासून मोजायची. त्याचं तिला फारसं वाईट वाटत नसे.

यंदा साथ जोरात येणार, असं तिचं गणित सांगत होतं. ऊन तापलं, पाणी आटलं — पण मेलेलं बदक क्वचितच दिसू लागलं.

"मॉडेल सपशेल आपटलं, म्हणाले माझे गाईड सर," एके दुपारी ती म्हणाली. "तळं सोडा, दुसरा विषय घ्या... मी आज शेवटचीच आलेय."

गणिताचं दुःख होतंच. पण तळं सोडवत नव्हतं ते गणितासाठी नव्हे, हे तिला आता स्वतःपासून लपवता येईना.

जयसिंगचा चेहरा उतरला. "एक सांगू? चिडणार न्हाई ना?"

त्याने तिला बांधापलीकडे नेलं. तिथे ताज्या मातीचे ढीग होते, त्यांवर चुना टाकलेला.

"रोज पहाटं गोळा करून पुरतोय. तुम्ही यायच्या आधी."

"अहो, माझा डेटा होता तो!"

"त्या दिवशी रडलात ना... परत तसं बघवलं नसतं मला."

सुनीती खरं तर भांडणार होती. पण मनात हिशेब जुळत गेला. मेलेली बदकं उचलली, म्हणून अळ्या नाहीत. अळ्या नाहीत, म्हणून साथ पसरली नाही. गणित चुकलं नव्हतं. या माणसाने साथच अडवली होती!

"माझ्या समीकरणात सगळं होतं," ती हळूच म्हणाली. "फक्त तुम्ही नव्हतात."

"मग घ्या की आता."

"घ्यावंच लागेल. उद्या पहाटे मीही येते. आधी मोजायचं, मग पुरायचं. आणि मलाही एक फावडं आणा."

"आन् दोघांनी मिळून साथच बंद पाडली तर? मग कशाला याल तुम्ही?"

"मग... दुसरं कारण शोधावं लागेल."

"गावंल?"

सुनीतीने हातमोजा काढला आणि त्याच्या बाहीवरची माती अलगद झटकली.

"गावलंय," ती म्हणाली.