घरपट्टीतली चुगली

मॅक्सीन ऑलर्टन आल्या त्या भांडायच्या तयारीतच. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातला एप्रनसुद्धा काढला नव्हता.

"ब्रेथवेटबाई, माझी चुगली कोणी केली ते शोधून काढा! कौन्सिलनं घरपट्टीतली सूट काढलीय. का, तर म्हणे माझा कीरन शिकत नाही!"

खासगी गुप्तहेर आयडा ब्रेथवेट यांचा मदतनीस नॉर्मन गोंधळला. "शिकण्याचा नि घरपट्टीचा काय संबंध?"

"पूर्णवेळ विद्यार्थ्याला मोजणीत धरत नाहीत. मग घरात या एकट्याच उरतात, आणि एकट्या माणसाला पाव सूट," आयडा म्हणाल्या. "सूट कधीपासून काढली?"

"पाच नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटच्या दुसऱ्या दिवसापासून. मागचं सगळं मागतायत! अहो, पोरगा रोज आठच्या बसनं विद्यापीठात जातो. कालसुद्धा गेला. मी स्वतः डबा देते, चाटूनपुसून परत येतो. जुलैतल्या पदवीदानाला घालायला मी स्वतःसाठी नवी टोपी घेऊन ठेवलीय."

शेजारच्या ग्लिनिस पोकॉकशी कचऱ्याच्या डब्यांवरून त्यांचं वाकडं होतं. नॉर्मनला तिथंच गुन्हेगार सापडला.

"मी कशाला चुगली करू?" ग्लिनिस फणकारल्या. "गुणी आहे हो तो. रोज दप्तर घेऊन जाताना दिसतो. नाहीतर आमची नात! त्याच विद्यापीठात आहे. ईस्टरची सुट्टी लागल्यापासून माझ्या सोफ्यावर लोळतेय."

"खोटं बोलतेय ती," बाहेर आल्यावर नॉर्मन म्हणाला. हे प्रकरण घेतलंच नसतं तर बरं, असं आयडांना वाटत होतं.

संध्याकाळी कीरन घरी आला तेव्हा आयडा आणि नॉर्मन स्वयंपाकघरात बसले होते. मॅक्सीन त्यांना कौतुकानं टोपी दाखवत होत्या.

"चुगली कोणीच केलेली नाही," आयडा म्हणाल्या. "शेजारीण फार तर 'तो शिकत नाही' म्हणाली असती. नेमका दिवस तिला कुठून ठाऊक? तो ज्यानं शिक्षण सोडलं त्यालाच ठाऊक. आणि काल विद्यापीठाला सुट्टी होती, मॅक्सीन. तरी तुमचा डबा गेला."

कीरननं दप्तर खाली ठेवलं.

"बस स्थानकावर बसायचो," तो म्हणाला. "मला ते जमतच नव्हतं. नव्या वर्षाच्या बिलावर तुझी सूट पाहिली. उद्या तुलाच लबाड ठरवतील म्हणून कौन्सिलला कळवलं. वाटलं, त्यांचं पत्र आलं की तुला कळेल. तू तर चुगलखोर शोधायला निघालीस."

मॅक्सीन टोपीचं खोकं मांडीवर धरून बसल्या होत्या. झाकण काही केल्या बसेना.

"त्यांना सांगता आलं तुला," त्या म्हणाल्या. "मला नाही?"

"त्यांनी फक्त तारीख विचारली, आई."