स्मेल्टची उतरती रेघ

धक्क्यावर बर्फ सांडला होता. माझा पाय घसरला आणि मी थेट मासळीच्या क्रेटमध्ये जाऊन बसले!

"मासे मोजायला आलात, की उबवायला?" हात पुढे करत तो म्हणाला.

तो एका मासेमारी बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या; मी मत्स्य खात्यातली नवी आकडेवाली. स्मेल्ट म्हणजे वीतभर चंदेरी मासळी. ताजी असली की तिला चक्क काकडीचा वास येतो. त्या दिवशी आईने दारातच विचारलं, "काय गं, काकड्या चोरून आलीस की काय?"

मग दर आठवड्याला मी मासळीचं वजन घ्यायला धक्क्यावर जाऊ लागले. देशोदेशी आणि आमच्या खाडीत जाळ्यात किती स्मेल्ट येते, याचा आलेख मी करत होते. तो लॅपटॉपमध्ये डोकावायचा.

"ही वर चाललेली रेघ कोणाची?"

"उत्तरेकडच्या एका देशाची."

"आणि ही घसरलेली?"

"आपली."

"घसरायची खोडच दिसते तुम्हाला!"

मी हसायचे... आणि पटकन लॅपटॉप मिटायचे. आमच्या खाडीची रेघ दर हंगामात खालीच येत होती. माझा अहवाल गेला की मासेमारी बंद होणार, आणि त्याची बोट किनाऱ्यावर पडून राहणार. आकड्यांना जरा झुकतं माप द्यावं, असं मनात आलंही. शेवटी खरे तेच आकडे पाठवले.

बंदी आली. दुसऱ्याच दिवशी तो कचेरीत हजर! मी खुर्चीतून उठलेच.

"तुम्ही रागावला असाल—"

"जाळ्यात नुसती पिल्लं येत होती. मला काय दिसत नव्हतं?" तो खुर्ची ओढून बसला. "मामा परदेशी बोटींवर माणसं पाठवतो. तुम्हीच सांगा, कुठल्या देशात जाऊ?"

पडद्यावर साऱ्या रेघा होत्या. एका देशाची आमच्याहून वेगाने पडलेली. दुसऱ्याची बंदीनंतर हळूहळू सावरलेली. सगळीकडेच मासळी संपलीय, असं खोटं सांगणं किती सोपं होतं...

"उत्तरेकडच्या," मी म्हटलं. "तिथे मासळी टिकून आहे."

"बरं." तो उठला. दारापाशी पोचलासुद्धा.

"जाऊ नकोस!"

तो वळला. "नकोस? कालपर्यंत 'नका' होतं."

माझे कान तापले. "आपली खाडीही सावरेल... वेळ लागेल. तोवर खात्याच्या पाहणीच्या बोटीला तांडेल हवाय. पगार बेताचा आहे. आणि— मलाही हवाय."

माझ्या छातीतली धडधड शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जात असणार! त्याने खिशातून फोन काढला.

"मामा, माझी जागा दुसऱ्या कोणाला दे."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला— "का रे? झालं काय?"

"सांगतो सावकाश," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "इथे एकजण पांढरीफटक पडलीय. आधी तिला पाणी देतो."