परातीतली नाचणी

"ए पोरी, ती परात दे ना जरा!"

अपोलीन जागच्या जागी थबकली. अख्ख्या मरोळ गावठाणात तिला असं पुकारायची कुणाची छाती नव्हती. वळून बघते तर चर्चच्या पायरीवर एक सावळा, उंच सुतार बसलेला. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल, आणि ऐट अशी की परात जणू त्याच्याच बापाची!

"परात देऊ? आणि त्यातलं खोबरं काय तुझ्या डोक्यावर ओतू?"

"ओत की! भुसा आहेच… वर खोबरं पडलं की नेवरीचं सारण तयार."

हसायचं नाही म्हणून तिनं ओठ चावला. पण हसू ते, निसटलंच.

त्याचं नाव इनास. मढचा. चर्चची मोडकी बाकं दुरुस्त करायला आला होता, तर फादरनी नाताळचा, बाळ येशूच्या जन्माच्या देखाव्याचा गोठाही त्याच्याच गळ्यात मारला. गोठ्यात हिरवळ हवी, हिरवळीसाठी नाचणी पेरायला हवी, आणि डिसेंबरची बारा तारीख उजाडली तरी पेरायला भांडं नाही, असं त्याचं गाऱ्हाणं.

"घरी एक परात आहे," अपोलीन बोलून गेली. "आईची. यंदा रिकामीच पडलीय." मग घाईघाईनं म्हणाली, "पण ती घराबाहेर जायची नाही हां! आमच्या पडवीत येऊन पेर. पाणी मी घालीन."

"विसरशील."

"कोण, मी? ह्या अपोलीनला तू अजून ओळखत नाहीस!"

आता परात रिकामी का, ते सांगायलाच हवं. अपोलीनची आई मार्चमध्ये गेली. दुखवट्याच्या घरात वर्षभर गोडाची कढई चढवायची नाही, नाताळचं गोडधोड शेजाऱ्यांनी आणून द्यायचं, ही गावठाणची रीत. रीत काही वाईट नाही हो. माणसानं जरा बसावं, रडावं, म्हणून तर ती. पण बसेल ती अपोलीन कसली! नेवरीच्या, म्हणजे करंजीच्या, कडेला आईसारखी नाजूक मुरड घालावी तर हिनंच. मग काय, आज शेजारच्या कत्रीनमावशीकडे नेवऱ्या, उद्या पलीकडच्या आळीत कुलकुल, परवा आणखी कुणाकडे दोदोल घोटायला… सात घरांचा नाताळ हिनं अंगावर घेतला. सकाळी जायची ती दिवेलागणीला परतायची. बाबांना जेवायला वाढायची की पडायची. बाबा म्हणायचे, "बस गो जरा माझ्याजवळ." ती म्हणायची, "उद्या बसते, बाबा."

खरं सांगायचं तर ती घाबरत होती. घर गप्प झालं की आईचा रिकामा पाट दिसायचा.

आणि इनास? तो रोज पायरीवर असायचाच.

"काय गो सात घरची सून! आज कुणाची चूल?"

"तुझी नव्हे."

"माझी कधी?"

"तोंड बघितलंस का आरशात?"

"बघितलं ना. तेव्हापासून तर म्हणतोय… पोलू, दोन मिनटं बस. गोठा बघ तरी कसा झालाय."

पोलू! ह्या नावानं हाक मारायला त्याला कुणी सांगितलं होतं? पण तिला ते आवडलं, उगाच खोटं कशाला बोला.

"फुरसत नाही रे. नाताळ तोंडावर आलाय."

"बेथलेहेमच्या त्या धर्मशाळेवाल्यालाही फुरसत नव्हती," इनास रंधा मारता मारता म्हणाला. "घर पाहुण्यांनी भरलेलं, चुली पेटलेल्या… दारात देव आला, तर म्हणे जागा नाही."

"देव आला तर बसेन मी. इथे तर रोज तूच असतोस!"

"सव्वीस तारखेपर्यंत," तो म्हणाला. "मग वर्सोव्याला खाडीवरची तर पकडायची नि मढ गाठायचं. काम संपलं माझं."

हे मात्र त्यानं हसून सांगितलं नाही. 'जाऊ नकोस' असं अपोलीनच्या अगदी ओठांवर आलं होतं… पण कत्रीनमावशीकडे तेल तापत होतं. ती तशीच निघून गेली आणि दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली.

चोवीस तारखेच्या दुपारी ती मावशीकडे शेवटच्या नेवऱ्या करत होती, तेव्हा इनास दारात येऊन उभा राहिला.

"चल, हिरवळ न्यायला आलोय."

तिच्या हातातली नेवरी गळून पडली. नाचणी! इनासनं पेरून दिल्यावर पहिले तीन दिवस तिनं पाणी घातलं होतं. चौथ्या दिवशी दोदोल, पाचव्या दिवशी… अरे देवा, त्यानंतर तिनं पडवीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं!

"वाट लागली," ती पुटपुटली आणि पिठाच्या हातांनीच धावत सुटली. मागून इनास.

"अगं, झालं काय?"

"विसरले रे! तू म्हणालास तशीच विसरले. मेली असेल ती… आईच्या परातीत मेली असेल!"

पडवीत परातच नव्हती. ती आत शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. खिडकीशी, आईच्या पाटावर परात ठेवलेली. तिच्यात वीतभर उंच, दाट, हिरवीगार नाचणी. शेजारी बाबा तांब्या घेऊन बसले होते आणि बोटांनी पाणी शिंपडत होते.

"चौथ्या दिवशी बघितलं तर माती सुकलेली," बाबा म्हणाले. "म्हटलं, पोर दमते, आपणच घालू. एकट्यानं दिवसभर करायचं तरी काय? हिला पाणी घालायचं, तुझ्या आईशी दोन शब्द बोलायचे."

"मला सांगितलं का नाही, बाबा?"

"सांगणार होतो गो. तू बसलीच नाहीस."

अपोलीन मटकन खाली बसली. बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली, मार्चपासून राहून गेलेलं सगळं रडली. बाबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. कोपऱ्यात रुमालानं झाकलेली ताटं होती, सात घरांतून आलेली. रुमालाखालून डोकावणाऱ्या नेवऱ्यांवर तिचीच मुरड होती, तिनं आईकडून घेतलेली.

"एकही चाखली नाही मी," बाबा म्हणाले. "आज तर उपासच. उद्या चर्चमध्ये मिस्सा झाली की तुझ्याबरोबर खाईन."

बाहेर गावठाणात नुसता कल्ला चालला होता. पोरं कंदील टांगत होती, कुणीतरी कुणाला मेणबत्त्यांसाठी ओरडत होतं. पण ज्या शांततेपासून ती नऊ महिने पळत होती, ती आता तिच्या शेजारी येऊन बसली होती, आई बसायची तशी. तिला अजिबात भीती वाटली नाही. तिनं डोळे मिटले. किती दिवसांनी तिनं मनापासून प्रार्थना केली, आणि तीही एवढीशी. 'प्रभू, ये. जागा आहे.'

डोळे उघडले तर इनास अजून उंबऱ्याबाहेरच, टोपी हातात चुरगाळत उभा.

"आत ये की रे," ती नाक पुसत म्हणाली. "दारात किती उभा राहशील? आमच्याकडे जागा आहे."

आईची परात घराबाहेर निघाली. एका बाजूनं तिनं धरली, दुसऱ्या बाजूनं त्यानं, आणि पुढे बाबा, जणू मिरवणूकच. गोठ्यात हिरवळ मांडली, मातीची मेंढरं तिच्यात चरायला सोडली. बाबा प्रार्थनेला आत गेले, आणि पायरीवर दोघंच उरली.

"पोलू… पुढच्या वर्षी नाचणी कुणाच्या पडवीत पेरू?"

"आमच्या नको. तोवर दुखवटा संपेल, परात मला नेवऱ्यांना लागेल."

त्याचा चेहरा असा उतरला की तिला हसूच आलं.

"सव्वीसला मढला जातोयस ना? खुशाल जा. पण सत्तावीसला परत ये. आणि येताना तुझ्या आईला घेऊन ये… बाबांशी बोलायला. मग एकाच घरात दोन पराती ठेवू."

बडबड्या इनास कानावरची पेन्सिल काढून उगाच परत कानावरच ठेवत राहिला.

"आता बोल ना काहीतरी. नाहीतर बस दोन मिनटं."

तो बसला. तिच्या पिठाळलेल्या हातावर त्यानं हळूच आपला हात ठेवला. तिनं काढून घेतला नाही.

तेवढ्यात आळीतून कत्रीनमावशीची हाक आली, "अपोलीऽन! तेल तापून धूर यायला लागला गो!"

"कढई उतरव, मावशी!" ती जागची न हलता ओरडली. "मी बसलेय!"