पांढरीचं नवं कुरण

ती तबेल्याच्या कुंपणाशी वाकून काहीतरी शोधत होती, तेव्हा मागून आवाज आला, "काही हरवलंय का?"

"नाही, सापडलंय," असं म्हणत तिने घोड्याची लीद पिशवीत भरली.

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार आधी हसला, मग मदतीला वाकला. लिदीवरच्या बुरशीचा अभ्यास करणारी ही मुलगी त्याला जरा खुळीच वाटली. पण आवडली, त्याला काय करणार! दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या घोडीची ताजी लीद तिच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं.

लीद ती काचेच्या बरणीत ठेवायची. काही दिवसांत लिदीवर बुरशीचे पाणीदार देठ उगवायचे, टोकाला काळी टोपी. उजेडाकडे तोंड करून ती टोपी उडायची, थेट काचेवर!

"काय नेम आहे!" तो म्हणायचा.

"तुमच्याइतका नाही. मी चहा टाकला की तुम्ही दारात."

तो लाजायचा... आणि कप उचलायचा.

तिसऱ्या महिन्यात बरणीत भलतंच उगवलं – बारीक नारिंगी ठिपके. तिने बरणी उजेडात धरून पुन्हा पाहिली. एकच घोडी, एकच कुरण, शंभर दिवस. सगळा प्रबंध त्यावर उभा होता.

"ही पांढरीची लीद नाही. खरं सांगा."

"तिचीच आहे." त्याने मान खाली घातली. "फक्त... पंधरा दिवसांपूर्वी ती विकली गेली. टेकडीपलीकडे. तुम्हाला दुसरी चालणार नव्हती, म्हणून रोज सकाळी जाऊन आणतो."

"अहो, बुरशीचं बी गवतातून पोटात जातं! कुरण बदललं की सगळंच बदललं. सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर माझं येणं संपलं असतं. मला तुम्ही आवडता... चुकलं माझं."

पंधरा दिवस पाण्यात गेले होते. तिला राग आला, चांगलाच आला. आणि त्या रागातच तिला कळलं, की रोज सकाळी आपण बरणीच्या आधी दाराकडे बघतो.

तिने वही ओढली आणि घोडी गेल्याची तारीख लिहिली.

"आता प्रबंधाचे दोन भाग. जुनं कुरण आणि नवं."

"म्हणजे... मी येऊ?"

"या. मलाही आवडता तुम्ही. पण पुन्हा काही लपवलंत, तर तुम्हालाच बरणीत घालीन." ती थांबली. "आणि उद्या मीही येते. तिथलं गवत बघायला हवं."

"चालत दोन तास लागतात."

"लागू देत."